भेगेवरची काच

१२ जानेवारी

आईस नमस्कार.

आज कोळशाच्या खाणीवर वसलेल्या गल्लीत मोजणी केली. कालपासून जमीन बारा मिलिमीटर खचली आहे. माझी खोली तिथून लांब आहे, काळजी नको.

शेवटच्या घरातल्या आजींना सांगितलं, घर कधीही बसेल, निघा. "माझा म्हातारा याच घरात गेला. तुझी मोजमापं तुझ्यापाशी ठेव!" तू बाबांची खुर्ची हलवू देत नाहीस, ते आठवून मी पुन्हा आग्रह धरला नाही. ती माझी चूकच होती. भिंतीतली भेग वाढली की तुटावी म्हणून तिच्यावर मी सिमेंटने चिकटवलेली काच आमच्यासमोर तडकली. मग त्याच ओरडल्या, "बघतोस काय? ह्यांची सायकल आधी काढ!"

दोघंही बाहेर आलो, सायकलसकट.

बाबांच्या खुर्चीवर कधी बसतेस का?

हाताचं सिमेंट निघालेलं नाही. ते धुतो आणि जेवायला बसतो.

तुझा धाकटा