‘तीन फेज’च्या दुसऱ्या बाजूची वाटणी

मी, भगीरथ धर्मा विशे, वय चौपन्न, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देणे, राहणार मुरबाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि चहाखेरीज काहीही न घेता लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉ. संघरत्ना उबाळे यांचा दाखला जोडला आहे. माझी पत्नी लक्ष्मी हिला तो मान्य नाही, पण ती डॉक्टर नाही.

कलम १. राहते घर लक्ष्मीला. सत्तावीस वर्षे तिने माझी गिटार भिंतीपलीकडून ऐकली. त्या भिंतीवर तिचाच हक्क आहे.

कलम २. दुकान, अँप्लिफायर आणि सर्व कर्णे मुलगी वैष्णवीला. वायरी गुंडाळताना कोपराला वेढे देऊ नयेत, आतली तार तुटते. हे तिला माहीत आहे, पण जावयाला नाही.

कलम ३. तपकिरीच्या डब्यात मी बनवलेले फझ यंत्र, ज्याने गिटारचा आवाज फाटका होतो, ते शहापूरच्या रितेशला. हे मी कोणाकडूनही शिकलो नाही; रेडिओ दुरुस्तीच्या फाटक्या पुस्तकावरून केले, आणि त्यातली पाने ४१ ते ५६ नव्हती. आमच्या ‘गोचीड’ बँडची गिटार बेसूर आहे, असे रितेशने इंटरनेटवर लिहिले आहे. गिटार बेसूर नव्हती. त्या दिवशी मुरबाडला व्होल्टेज कमी होते, टेप हळू फिरली, म्हणून आता ती अर्ध्या सुराने वर वाजते. यंत्र वापरताना त्याने हे वाक्य आठवावे.

कलम ४. परदेशी गॅरेज बँडच्या, म्हणजे आमच्यासारख्याच शेडमध्ये वाजवणाऱ्यांच्या, एकसष्ट तबकड्या, ज्या मी कल्याणच्या भंगारवाल्याकडून एकेक निवडून आणल्या, त्या घाटकोपरच्या हेतलला. तिनेच २०२३ साली आमच्या एकमेव अल्बमची, ‘तीन फेज’ची, तबकडी काढली. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. गावच्या वाचनालयाला देऊ नयेत. तिथे विचारून पाहिले होते. त्यांनी यात भजने आहेत का, असे विचारले.

कलम ५. जगन हरड, आमचा ड्रमवाला, यास काहीही नाही. म्हणूनच त्याला साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला काही मिळू नये असा संकेत आहे, आणि काही द्यायचे नाही हे सांगायला याहून सभ्य मार्ग मला सापडला नाही. साक्षीदाराने मजकूर वाचणे कायद्याने आवश्यक नसते. जगनने वाचू नये.

कारण असे. डिसेंबर १९९७ मध्ये वडिलांच्या जीप दुरुस्तीच्या शेडमध्ये आम्ही ‘तीन फेज’ रेकॉर्ड केला. त्याच संध्याकाळी जगन माझा टेप डेक आणि एक कॅसेट घेऊन म्हशाजवळ त्याच्या गावी गेला. बहीण दर्शनाची हळद होती. त्याची आत्या लहानीबाई धवळारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी, तालुक्यात मानाची. तिची धवळगीते त्याने भरून आणली, ती आमच्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर, आम्ही वाजवलेल्यावरूनच. म्हशाची जत्रा तोंडावर होती. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता. म्हशाला बैलबाजाराच्या कडेला आम्ही ती कॅसेट आहे तशी विकली. त्यानंतर जगनशी मी फक्त मयतीला बोललो आहे.

कलम ६. हे माझ्या मृत्यूनंतरच उघडावे.

दुसऱ्या बाजूवर लहानीबाईचा आवाज पुढे आहे आणि आमची गिटार मागे, विहिरीतून आल्यासारखी. जपानपासून ब्राझीलपर्यंत लोक त्या अकरा मिनिटांना भारतातले सर्वोत्तम सायकेडेलिक, म्हणजे गुंगी आणणारे, संगीत म्हणतात. पहिल्या बाजूबद्दल ते ‘ठीक’ म्हणतात. हेतलने विचारले तेव्हा मी हा विचारपूर्वक केलेला प्रयोग असल्याचे सांगितले. कव्हरवर तसे छापले आहे: संकल्पना, भगीरथ विशे.

तो प्रयोग नव्हता. दोन गिटारी एकावर एक भरता याव्यात म्हणून डेकच्या इरेज हेडवर मी विडीच्या बंडलाचा कागद चिकटवला होता. त्यामुळे जुना आवाज पुसला जात नाही, फक्त दबतो. तो कागद मी काढला नाही. आणि कॅसेटच्या डबीवर ‘कोरी’ असे माझ्याच अक्षरात होते. मी डब्यांवर आधीच लिहून ठेवतो. जगनने निघताना विचारले होते, “कोरी हाय ना रे?” मी तारा लावत होतो. मान न वळवता म्हणालो, “डबीवर वाच.”

त्याने वाचले.

तरी माझ्या पश्चात दुसऱ्या बाजूचे सर्व हक्क आणि नाव लहानीबाईस, अथवा तिच्या वारसांस द्यावे.

दुरुस्ती, सहीआधी. दि. १६ नोव्हेंबर २०२५, रविवार. जगन सहीला आला आणि चष्मा लावून पहिल्यापासून वाचू लागला. कायद्याने आवश्यक नाही, हे मी सांगितले. कलम सहा त्याने बोट ठेवून दोनदा वाचले. मग म्हणाला, “आत्या त्र्याऐंशीची हाय. तुला साखर नाय, बीपी नाय. तू कवा मरायचास, आन् तिला कवा कळायचं?”

मी पेनाला टोपण लावले. आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून म्हशाकडे गेलो. लहानीबाईला सगळे सांगितले आणि दुसरी बाजू पूर्ण ऐकवली. तिने डोळे मिटून ऐकली, दोनदा मान हलवली, आणि म्हणाली, “गानं माझंच हाय. पन मागं पत्रा कोन घासतंय?”

जगनला हसण्यामुळे ओट्यावर बसावे लागले. हेतलला तिथूनच फोन केला. नव्या कव्हरवर यापुढे असे छापावे: गायन, लहानीबाई धवळारीण. मागे पत्रा, भगीरथ विशे.

सबब कलम ६ची तजवीज माझ्या हयातीतच पुरी झाल्याने ते खोडले आहे. कलम ५ही खोडले आहे. टेप डेक जगनला. इरेज हेडवरचा कागद त्याने काढू नये. डेक दिल्यामुळे त्याला साक्षीदार राहता येत नाही. त्याच्या जागी शेजारचा मंडपवाला कान्हा भोईर यास बोलावले आहे. खोडाखोडीवर माझ्या सह्या आहेत.

लिहून देणार: भगीरथ धर्मा विशे
साक्षीदार: १. ~~जगन हरड~~ कान्हा भोईर २. डॉ. संघरत्ना उबाळे
मुक्काम मुरबाड, जिल्हा ठाणे. १६ नोव्हेंबर २०२५