लक्क्याच्या जोडीबाबत

मी, शालिकराम रामराव बोडखे, वय चौऱ्याहत्तर, धंदा भाजीपाल्याची शेती, राहणार रिसोड, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. हात कापतो, म्हणून अक्षर असे. कोणी लिहायला लावलेले नाही. लिहू नका म्हणणारे आहेत.

१. राहते घर पत्नी कस्तुराबाई हिच्या हयातीत तिचे, नंतर मुलगा हर्षल याचे. तिला मागच्या खोलीत हलवू नये.

२. विहिरीसह मळा हर्षलचा. तो राबतो, यात वाद नाही.

३. बँकेतील शिल्लक कस्तुराबाईची. कुठे खर्च केली हे विचारू नये. कबुतरांच्या दाण्याबद्दल तिने मला कधी विचारले नाही.

४. प्रदर्शनांत मिळालेल्या ढाली हर्षलला. त्याला त्याच हव्या होत्या.

५. कबुतरांची ढाबळ आणि त्यातली लक्का जातीची उरलेली एकच जोडी सून तनुजा हिला. तीच पूर्ण मालक. हर्षलने जोडी विकू नये, प्रदर्शनात नेऊ नये.

कारण लिहून ठेवतो. लक्का कसा दिसावा हे ठरलेले आहे. शेपटी ताटासारखी उभी आणि गोल. छाती पुढे, मान इतकी मागे की डोके शेपटीला टेकावे. पायांवर लांब पिसे. त्यांना आम्ही मोजे म्हणतो. या मापात माझे आयुष्य गेले. मापाबाहेरचे पिल्लू मी कधी ठेवले नाही. पण मापातल्या पक्ष्याला त्याचे रूपच आड येते. शेपटीखालच्या पिसांमुळे जोडा नीट लागत नाही. अंडी झालीच तर मोज्यांत अडकून घरट्याबाहेर पडतात. म्हणून विणीआधी ही पिसे कातरावी लागतात, आणि कातरलेला पक्षी त्या वर्षी प्रदर्शनातून बाद होतो.

मागचे दोन हंगाम हर्षलने कातरू दिले नाही. "बाबा, यंदा पहिला नंबर आपलाच हाय. कायले कापता?" ढाली आल्या. पिल्लू आले नाही. मादी आता थकली आहे. हा हंगाम गेला तर ढाबळ रिकामी होईल.

६. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. वीण तोवर थांबत नाही. म्हणून आज, हर्षल वाशीमला गेला असताना, साक्षीदारांसमोर जोडी कातरली. कात्री तनुजाने चालवली. नर भिवाजीने धरला. याच भिवाजीने प्रदर्शनात पंच असताना एका तुटक्या पिसावरून माझा नर बाद केला होता. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. तरी त्याला बोलावले, कारण त्याच्या हातात पक्षी फडफडत नाही.

"शालिक, आता याले प्रदर्शनात कोनी उभं बी करनार नाही," भिवाजी म्हणाला.

"तू कवा केलं होतं?"

"मामाजी, मंग भांडा नं," तनुजा म्हणाली. "कात्री लागन त्याले."

७. पिल्लू निघाले, तर शेपटी विरळ असो, मान सरळ असो, ते ठेवावे. माप पाहायला मी नसेन. भिवाजीला दाखवू नये.

दुरुस्ती: कलम सातमधील शेवटचे वाक्य खोडले आहे. त्याशिवाय एक साक्षीदार सही करीना. पिल्लू निघाल्यास त्याला निरोप धाडावा.

स्थळ: रिसोड
दिनांक: २३ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: शालिकराम रामराव बोडखे (सही)

साक्षीदार:
१. शेषराव सानप (सही)
२. भिवाजी खानझोडे (सही)