अक्कांच्या आज्ञेवरून बाहेर जेवणे

साओ पाउलो,
शनिवार, २० जून

तीर्थस्वरूप अक्कांच्या सेवेशी,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे ओलेगारिओचा, वाकून नमस्कार. मी इथे खुशाल आहे. तुमचा गुडघा, तुमच्या अकरा कोंबड्या आणि पाद्रीबुवांचा खोकला ही तिन्ही मंडळी ठीक असावीत. इथे थंडी पडली आहे, पण मिनासच्या डोंगरातली तुमची थंडी निदान कोरडी असते. इथली ओल्या पंच्यासारखी मानेला गुंडाळून बसते. तुम्ही विणलेला स्वेटर रोज वापरतो. (बाह्या जरा लांब आहेत. ही तक्रार नाही. हात गरम राहतात.)

पत्राला उशीर झाला, त्याचं कारण तुम्हीच आहात, हे आधी नम्रपणे सांगतो. दिर्सीच्या तिसऱ्या स्मरणदिनाच्या प्रार्थनेला तुम्ही आला होतात आणि पाणी घ्यायला म्हणून माझा फ्रीज उघडला होतात. आत अर्धं लिंबू होतं आणि सॉसेजचे चार काप होते. तुम्ही दार लावलंत आणि बस सुटताना खिडकीतून म्हणालात, "ओलेगारिओ, माणसासारखं जेवत जा. माझी बहीण वरून बघते आहे, तिला मान खाली घालायला लावू नका." अक्का, हे पत्र म्हणजे त्या आज्ञेचं मी कसं पालन केलं त्याचा अहवाल समजावा. पुढे जे जे घडलं ते आज्ञेत बसतं की नाही हे तुम्हीच ठरवा, पण सुरुवात तिथून झाली एवढं ध्यानात असू द्या.

मला स्वयंपाक येत नाही. मी उकडलेलं अंडं आतून कच्चं आणि बाहेरून फुटलेलं असतं, आणि हे एकाच वेळी कसं साधतं ते मलाही कळत नाही. तेव्हा माणसासारखं जेवायचं म्हणजे बाहेरच जेवायला हवं. आणि बाहेर जेवायचं तर कुठे, हा प्रश्न मला पडला नाही. मी एक्केचाळीस वर्षं या शहरातल्या लिफ्टा दुरुस्त केल्या. इथलं एकही नामांकित रेस्टॉरंट नसेल ज्याच्या मागच्या दाराने मी आत गेलेलो नाही. पुढच्या दाराने मात्र एकाही ठिकाणी गेलो नव्हतो. दिर्सी रोज संध्याकाळी माझ्या शर्टाचा वास घेऊन ओळखायची, "आज लसूण आणि लोणी," किंवा "आज मासा, पण शिळा," आणि मग विचारायची, तिथली माणसं नेमकं खातात तरी काय? मला ठाऊक नसायचं. मी यंत्राच्या खोलीतून जेवढं दिसेल तेवढं सांगायचो, उरलेलं रचायचो. तिला नेऊ या, नेऊ या म्हणता राहून गेलं. (हे तुम्हाला यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं.) म्हणून वर्तमानपत्रात आलेली शहरातल्या उत्तम खानावळींची यादी कापून घेतली, निळा सूट झटकला आणि निघालो.

पहिली पायरी मांस भाजणाऱ्यांच्या एका मोठ्या जागेची. तिथे वेटर लांब सळया घेऊन फिरतात आणि टेबलाशी येऊन ताटात काप पाडतात. माझ्यासमोर एक गोल चकती होती, वरून हिरवी. ती ग्लासाखाली ठेवायची असणार, असं समजून मी तिच्यावर ग्लास ठेवला. मग एक सळई आली. मग दुसरी. कोंबडीच्या काळजांची माळ आली, डुकराच्या बरगड्या आल्या. मी नाही म्हटलं तर वाढणाऱ्याचा अपमान होईल, असं वाटून (संस्कार तुमच्याच घरचे) मी प्रत्येकाला मान डोलावत गेलो. एक तास झाला. घामाने माझा चष्मा नाकावरून घसरला, तरी ते येतच होते आणि माझ्याकडे कौतुकाने बघत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरून एक बाई उठल्या, माझा ग्लास उचलला आणि चकती उलटी केली. खालून ती लाल होती. सगळ्या सळया जागच्या जागी वळल्या. "ओलेगारिओराव," त्या म्हणाल्या, "हिरवं म्हणजे आणखी आणा. तुम्ही इथे मेलात तर आपल्या इमारतीची लिफ्ट कोण बघणार?"

त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ओदेतेबाई. विधवा आहेत. विवाह नोंदणीच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी केली. या भागातली निम्मी लग्नं त्यांच्या अक्षरात आहेत. त्या दिवशी जुन्या सहकाऱ्यांबरोबर कुणाचा तरी वाढदिवस करायला आल्या होत्या. एकोणीस वर्षं आम्ही एका इमारतीत राहतो आणि या काळात आमचं संभाषण लिफ्टमध्ये "सुप्रभात" आणि "पाऊस येईलसं दिसतं" यापुढे गेलं नव्हतं. त्यांनी मला टॅक्सीत बसवलं, घरी आणलं आणि बडीशेपेचा काढा पाठवला. दुसऱ्या दिवशी रिकामा कप परत करायला गेलो तेव्हा त्यांनी यादीचं कात्रण मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला एकट्याला सोडणं धोक्याचं आहे." यात माझा काही हात नाही, अक्का. सुरक्षेचा प्रश्न होता.

दुसरी जागा यादीत सर्वांत वर होती. तिथल्या मुख्य आचाऱ्याच्या दोन्ही दंडांवर मासे गोंदलेले आहेत आणि जेवण तेरा वेळा येतं. ऐकून मी आदल्या रात्रीपासून उपाशी राहिलो, तो शुद्ध वेडेपणा ठरला. पहिल्यांदा आलं ते परातीएवढं पांढरं ताट, आणि त्यात मोकळ्या माळावर चुकलेल्या करडासारखा कंदाचा एक तुकडा. एका तरुणाने त्या तुकड्याची हकिगत सांगितली. तो कुठल्या नदीकाठी उगवला, कुणी उपटला, कसा तीन दिवस भिजला. हकिगत संपेपर्यंत मी तो गिळलेला होता, त्यामुळे पुढचं ऐकताना मला अपराधी वाटत राहिलं. पाचव्या ताटात अननसाच्या फोडीवर एक मुंगी होती. मी सभ्यपणे, कुणाला कळू न देता, ती रुमालात टिपून टाकली. त्या जागेची लाज राखावी, एवढाच हेतू. तर तो तरुण धावत आला आणि विचारलं, मुंगी कशी लागली? ती मुंगी म्हणजेच पदार्थ होता, अक्का, अमेझॉनच्या जंगलातून विमानाने आलेली. मी म्हटलं, फार रुचकर. ओदेतेबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. बाहेर पडल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर उभ्याने चीज भरलेले तळलेले पापुद्रे खाल्ले, दोन दोन. त्या म्हणाल्या, "चौदावं ताट सर्वांत चांगलं." मला त्यांचं हे बोलणं आवडलं. (जेवणाविषयीचं मत म्हणून आवडलं.)

मग एका उंच इमारतीच्या माथ्यावरची जागा. तिथे स्वयंपाकघर एक मजला खाली आहे आणि ताटं एका छोट्या लिफ्टने वर येतात. ती लिफ्ट मीच, केसांचा रंग काळा होता त्या काळात, बसवलेली. आम्ही खिडकीशी बसलो. खाली सगळं शहर होतं आणि ओदेतेबाईंनी गळ्यात मोत्यांची माळ घातली होती. सूप आलं. मग भिंतीआडून आवाज आला, ठक, ठक, आणि मग सुस्कारा. मी ओळखला. दाराचा विजेचा संपर्क सुटला की असंच होतं. दहा मिनिटं कुणाचंच जेवण वर येईना. वेटर हातावर ताटं घेऊन जिन्याने धापा टाकू लागले. मी उठून मुख्य वेटरला सांगितलं की हे माझं काम आहे. तो म्हणाला, "साहेब, आपण पाहुणे आहात, पाहुण्यांना आत जाता येत नाही." मी परत येऊन बसलो. ओदेतेबाई काहीतरी बोलत होत्या, मी मान डोलावत होतो. त्यांनी काटा खाली ठेवला, त्या माणसाला बोलावलं आणि म्हणाल्या, "यांना जाऊ द्या. नाहीतर यांचे कान आत आणि मी बाहेर, असं जेवण व्हायचं."

कोट काढला आणि गेलो. लोणी लावायच्या सुरीने काम झालं, पण पाऊण तास लागला. परतलो तेव्हा माझ्या बाह्यांना वंगण होतं आणि मनात भीती होती; कारण कुठल्याही बाईला टेबलावर पाऊण तास एकटं बसवणं हा काही माणसासारखं जेवण्याचा प्रकार नव्हे. दिर्सीने महिनाभर अबोला धरला असता आणि तो योग्यच असता. ओदेतेबाईंनी त्यांचा मासा संपवला होता, माझाही संपवला होता. मी माफी मागू लागलो तर म्हणाल्या, "सव्वीस वर्षांच्या संसारात माझे यजमान टेबलावरून शंभरदा उठले. कधी फोन करायला, कधी मित्राला हाक मारायला. काहीतरी दुरुस्त करायला उठलेला माणूस आज पहिल्यांदा पाहिला. बसा, गोड तरी खा." मी बसलो. गोड काय होतं ते आठवत नाही.

आता शेवटची हकिगत, गेल्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारची. यादीत इटालियन वस्तीतली एक जुनी खानावळ होती, सोमवार ते शनिवार उघडी. आम्ही दुपारी बाराला पोचलो तर फुटपाथवर कोपऱ्यापर्यंत रांग, आणि रांगेत सगळी विशीतली जोडपी, एकमेकांच्या मफलरांत शिरलेली. तारीख होती बारा जून. आपल्या ब्राझीलचा प्रेमिकांचा दिवस. खरंच सांगतो, माझ्या ध्यानात नव्हतं. (ओदेतेबाई म्हणतात त्यांच्याही नव्हतं. त्यांनी तीस वर्षं तारखा लिहिण्यात घालवली आहेत, पण मी वाद घातला नाही.) परत फिरावं, तर पोटात कावळे. दीड तास उभे राहिलो. आमच्या मागचा मुलगा मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही पुढे व्हा." ओदेतेबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच एक पाऊल मागे झाला.

आत मालक टेबलाटेबलाशी जाऊन गातो. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा, पण मनापासून. आमच्या टेबलाशी आला, एक गुलाब ठेवला आणि मोठ्याने विचारलं, "आणि तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?" माझ्या तोंडून निघालं, "अडतीस." तो खरा आकडा आहे, अक्का, माझा आणि दिर्सीचा, कुणीही विचारलं की तोच निघतो. आणि त्याच क्षणी ओदेतेबाई म्हणाल्या, "सव्वीस." मालक थांबला. माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळं सांगावं लागणार. त्या माणसाने हात वर केला आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं ओरडला, "चौसष्ट वर्षं." सगळी जोडपी उभी राहिली. टाळ्या. स्वयंपाकघरातून हात पुसत बायका आल्या. रांगेतला तो मुलगा येऊन मला मिठी मारून गेला. त्याचे डोळे ओले होते. मला सांगा, अशा वेळी खुलासा कसा करायचा? मी ओदेतेबाईंकडे पाहिलं. त्या गुलाबाकडे बघत होत्या. आम्ही दोघांनी मान लववली आणि पुढ्यात आलेला केक खाल्ला. शेवया उत्तम होत्या.

तर असा अहवाल आहे. माझं वजन चार किलोंनी वाढलं आहे, डॉक्टर नाराज आहेत, मी नाही. थंडीत गुडघ्याला जपा. कोंबड्यांना आणि पाद्रीबुवांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
ओलेगारिओ

ता. क. तुम्ही पाठवलेलं चीज पोचलं. वाटेत जरा पिकलं होतं, पण पोस्टमन म्हणाला की त्यामुळेच पिशवी कुणी चोरली नाही.

ता. क. २. एक किरकोळ काम आहे. गावच्या चर्चमधून माझा बाप्तिस्म्याचा दाखला मिळेल का? सहा महिन्यांच्या आतला लागतो म्हणतात. घाई नाही. म्हणजे थोडी आहे.

ता. क. ३. अक्का, आडवळणाने लिहिणं मला जमत नाही, तरी चार पानं तेच केलं. त्या शुक्रवारी घरी येताना बसमध्ये ओदेतेबाईंनी तो गुलाब पर्सच्या कडेला खोचला. मग म्हणाल्या, "खोटं तुम्हीही बोलला नाहीत, मीही नाही. पण एवढ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना उगाच वाजवायला लावलं असं व्हायला नको." मी विचारलं, मग काय करायचं? त्या म्हणाल्या, "काय करायचं ते मी तीस वर्षं रजिस्टरात लिहीत आले आहे." दिर्सीचा फोटो भिंतीवर आहे तिथेच राहील, ही अट त्यांनीच घातली, मी तोंड उघडण्याआधी. दिर्सीच्या मागे मोठं म्हणून तुम्हीच आहात. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढे जाणार नाही, आणि कसं राहीन तेही सांगता येत नाही. लवकर उत्तर द्यावं. दोन दिवस झोप नाही.

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, वेगळ्या, रेखीव अक्षरात)

अक्का, सा. न. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणजे मी ते वाचणार हे यांना समजायला हवं होतं. वजन चार नाही, सहा किलोंनी वाढलं आहे. स्मरणदिनाला लिफ्टमध्ये तुम्ही माझा नंबर घेतलात ते बरं झालं; रविवारी फोनवर आपलं ठरलं तसंच सगळं पक्कं. तुमच्यासाठी तेवीस जुलैच्या बसचं तिकीट काढलं आहे, खिडकीजवळचं. लग्नाला लागणारा बाप्तिस्म्याचा दाखला तुम्ही मे महिन्यातच पाठवलात, तो माझ्या कपाटात नीट आहे, यांना अजून बोलले नाही. तुम्ही मात्र उत्तराला जरा वेळ लावा. सध्या हे रोज दाढी करतात आणि न सांगता भांडी घासतात.

तुमची,
ओदेते