आजी, हलू नका

नाहूर, मंगळवार, १८ डिसेंबर १९८४

स्टुडिओत लागल्यापासून आज पहिल्यांदा एकटाच बाहेर फोटो काढायला गेलो. भांडुपच्या चाळीत एक म्हातारी वारली होती, जन्मात एकही फोटो नाही. भिंतीला टेकवून बसवली होती. सवयीने तोंडातून निघून गेलं, "आजी, हलू नका." वाटलं, आता मार खातो. पण तिची लेक हळूच म्हणाली, "नाय हलणार ती. फोटोत डोळे उघडे दाखवाल ना?" शेठ ब्रशने रंगवतील, म्हटलं. कसे होते तिचे डोळे? विचारलंच नाही मी.

घरी आईला हे सांगत होतो. गिरणी सुटल्यापासून अंथरुणाला खिळलेले बाबा ऐकत होते. शर्ट मागून घेतला, घातला, उठून बसले. "माझा आत्ताच काढ. डोळे उघडे आहेत तोवर."

कॅमेरा डोळ्याला लावला. 'हलू नका' काही तोंडातून निघेना.