गाडी परतताना का तापते

२ एप्रिल
गाडी पुन्हा उकळली. वरवट बकालहून खामगावला परतताना, शेगावच्या अलीकडे, ऐन उन्हात. झाकणातून वाफ, मी बाभळीखाली, आणि वाटेने जाणारा प्रत्येक बंडीवाला थांबून सल्ला देऊन गेला. वकिलाला फुकट सल्ला मिळतो अशी ही एकच जागा असावी.
माझ्या बहिणीच्या, शांतेच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच 'बाई' म्हणतो, सोबत होत्या. शेगावात त्यांचं काही काम होतं. गाडी निवेपर्यंत बाभळीखाली डोक्यावर पदर घेऊन बसल्या. शेगावला उतरताना म्हणाल्या, "वकीलसाहेब, पोरीले या गाडीत मी धाडत नाही. एक डाव मले शेगावले न उकयता नेऊन आना, मंग न्या तुमच्या बहिनीले."


३ एप्रिल
झोप नीट नाही. शांतेचे दिवस ज्येष्ठाच्या शेवटी भरतात. मागच्या खेपेला तिथेच ठेवली होती. पाऊस लागला, काळ्या मातीची वाट चिखलात गेली, ना मोटार चाले ना बंडी. सुईणीने केलं ते केलं. मूल राहिलं नाही. या वेळी मृगाआधी तिला खामगावला आणायचीच. डॉक्टरीणबाई म्हणतात, बंडीचे हिसके नकोत. म्हणजे गाडीच. आणि गाडी ही अशी!
जावईबापूंना विचारलं तर ते आईकडे बघतात. त्यांच्याकडून मदत नाही.

६ एप्रिल
मिस्त्रीने पंख्याचा पट्टा सैल ठरवला. नवीन घातला. बाजारातून दोन चकरा मारल्या, गाडी एकदम थंड. मिस्त्री खूश, मी खूश.

११ एप्रिल
वरवटला जाऊन आलो. जाताना काही नाही. येताना उकळली. त्याच बाभळीखाली! आता बाभूळच मला ओळखायला लागली असेल.

१३ एप्रिल
रेडिएटरच्या जाळीत बघितलं तर कापूस. सरकी काढणाऱ्या जिनांचा मोसम, गावभर तंतू उडतात, ते सगळे आमच्या जाळीत. वारा जाणार कुठून? अर्धा दिवस ब्रश घेऊन बसलो. पोतंभर नाही, पण एक उशी भरली असती. हेच कारण, खात्रीच झाली. सौ. ला तसं सांगितलंही.

१७ एप्रिल
कारण ते नव्हतं. वरवटहून येताना पुन्हा तेच.
सौ. म्हणते, "गाडीलाही शांतावन्संना तिथं टाकून यायला जड जात असेल." हसलो, पण वाक्य डोक्यात राहिलं. जाताना कधीच नाही, येताना नेहमी. साक्षीदार असा एकाच बाजूने खोटं बोलत असेल तर मधे त्याला कोणीतरी भेटलेलं असतं. हे मला कोर्टात लगेच कळलं असतं.

२२ एप्रिल
उलटतपासणी. ऊन म्हणावं, तर काल मुद्दाम भल्या सकाळी परतलो. उकळली. वजन म्हणावं, तर बाईंनी दिलेली लोणच्याची बरणी, तुरीची डाळ, सगळं नको म्हटलं. तरी उकळली, आणि वर बाई रुसल्या ते वेगळंच. वाऱ्याची दिशा वगैरे मिस्त्री सांगतो, मला पटत नाही. शिवाय आता गावातल्या गावातही झाकणावरच्या तापमापकाच्या काचेतली लाल रेघ वर चढायला लागलीय. रोग वाढतोय. मन खट्टू.

२४ एप्रिल
सकाळी गाडी पुसत होतो. झाकणाखाली, जिथून पाणी उतू जातं तिथे, पांढरे ओघळ वाळलेले. बोट लावलं, जिभेला लावलं. खारट!
सौ. दारात उभी. म्हणाली, "लोक गाडी पुसतात, तुम्ही चाटायला लागलात."
पण आमच्या विहिरीचं पाणी गोड. मी स्वतः भरतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. मग मीठ आलं कुठून?

२९ एप्रिल, वरवट बकाल
सापडलं. आज जेवणानंतर आडवा न होता ओसरीवर बसून राहिलो, नजर गाडीवर. थोड्या वेळाने बाईंचा गडी आला, खालची तोटी सोडली, माझं सगळं पाणी अंगणात वाहू दिलं आणि विहिरीवरून दोन बादल्या आणून ओतल्या. अगदी मन लावून. मी विचारलं तर त्यालाच नवल वाटलं. बाईंचा हुकूम आहे म्हणे, गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हापासूनचा. पाहुण्याचं जनावर शिळ्या पाण्यावर परत धाडायचं नसतं. बैलांना ताजं पाणी, तसं गाडीलाही.
आणि हा सगळा खारपाणपट्टा; विहिरीचं पाणी खारं, तापलं की फेसाळून उतू जाणारं. शांता हसून लोटपोट. म्हणाली, "दादा, आमच्या बंबातून दर दिवाळीले पांढऱ्या खपल्या निघतात. चिचेनं घासा लागते. तुह्या गाडीतबी तेच साचलं असन."
बी.ए., एल्‌एल्. बी. करून मी कापूस वेचत बसलो होतो.
शांतेच्या खोलीत वेगळा माठ आहे, फडक्याने तोंड बांधलेला. पूर्णेच्या पात्रात वाळू उकरून केलेल्या झिऱ्याचं गोड पाणी, बंडीवर टाकी घालून आणतात. फक्त तिच्यासाठी. मागच्या खेपेला असं नव्हतं, या वेळी बाईंनीच सुरू केलं. बाई स्वतः विहिरीचंच पितात.

३ मे
घरातली वर्षाची चिंच संपवली. भिजवली, उकळली, गाळून रेडिएटरमध्ये ओतली, इंजिन चालवलं, सोडून दिलं. निघालं ते तपकिरी, गढूळ, खपल्या-खपल्यांचं. पुन्हा ओतली. पुन्हा. मिस्त्री बघायला आला होता, म्हणाला, "साहेब, आता फोडणी तेवढी राहिली." सौ. चिंचेवरून दोन दिवस बोलणार. पाणी स्वच्छ निघेपर्यंत सोडलं नाही. हात अजून आंबट.

५ मे
गाडी थंड आहे. अडचण दुसरीच. व्याह्यांना कसं सांगायचं, की तुमच्या घरचं पाणी चालत नाही? मुलगी दिलेल्या घरी असं बोलायचं नसतं. शेवटी शांतेकडून निरोप पोचवला. तिला बाईंशी कसं बोलायचं ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

१० मे, वरवट बकाल
काल इथे आलो. गडी गाडीकडे फिरकला नाही. आज सकाळी बाई तयार होऊन गाडीत येऊन बसल्या. शेगावपर्यंत नेलं, लाल रेघ जागची हलली नाही. परत फिरलो. बाभूळ आली तशा बाई म्हणाल्या, थांबवा. मला वाटलं पाणी प्यायचं असेल. खाली उतरल्या, गाडीच्या नाकावर हात ठेवून बघितला. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, जिंकलो.
मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गाडीले सोसलं नाही मनता हे पानी. मागच्या खेपीले पोरीले मी हेच पाजलं. नऊ महिने. त्यानंच झालं काय हो?"
मी म्हटलं, नाही. गाडी वेगळी, माणूस वेगळं. तुम्ही सगळे पिढ्यान्‌पिढ्या तेच पिता.
त्या म्हणाल्या, "तुमाले ठाव हाय, का मले बरं वाटावं मनून सांगता?"
मी गाडीचं दार उघडलं. त्या गाडीत येऊन बसल्या. घरी आल्यावर शांतेची बॅग त्यांनी स्वतःच्या हाताने गाडीत ठेवली, शेजारी झिऱ्याच्या पाण्याची कळशी.

११ मे
शांता खामगावला पोचली. वाटभर झोपली होती. गाडी तापली नाही. मला आनंद व्हायला हवा, झालाही. पण बाईंचा तो हात डोळ्यांपुढून जात नाही.

१४ मे
डॉक्टरीणबाईंना विचारलं, मागच्या खेपेला त्या पाण्यानं झालं का. म्हणाल्या, असेल, नसेल. आता कोणी सांगू शकणार नाही. शांतेची तब्येत मात्र ठीक, पाय थोडे सुजलेत, लक्ष ठेवू म्हणाल्या.

१८ मे
वरवटहून बाईंचा गडी आला, पाडाच्या आंब्यांची टोपली घेऊन. दोन निरोप. गाडी उकळली काय? आणि डॉक्टरीण काय म्हणाली?
पहिल्याचं उत्तर लगेच दिलं, नाही उकळली. दुसऱ्याचं, मी स्वतः येऊन सांगतो म्हटलं. उद्या निघतो. घरचं पाणी भरून ठेवलंय. बाईंना काय सांगायचं ते अजून ठरत नाही.