कूस बदलण्याचं पान

आई,

मी एक वेबसाइट काढली आहे. तुझ्या काळात हे नव्हतं. फोनवर उघडणारी छोटी पुस्तिका समज. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, तो झोपलेला असताना खालची चादर कशी काढायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज काय बघायचं. सगळं तू शिकवलेलं, आणि सासऱ्यांच्या आजारपणात मी पुन्हा शिकलेलं. पण वाचायला कुणी येईना. ज्या घरात आजच कुणाला तरी अर्धांगवायू होऊन इस्पितळातून परत आणलं आहे, तिथवर ते पोचत नव्हतं, आणि जखम व्हायला फार दिवस लागत नाहीत.

साइट तुझ्या नातीने बांधून दिली; ती हिंजवडीला नोकरी करते. एका खाजगी इस्पितळात तिच्या ओळखीचा माणूस आहे. घरी सोडलेल्या पेशंटांचे फोन नंबर तो द्यायला तयार होता. एक मेसेज, सगळ्यांना एकदम. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "आई, ज्यांना गरज आहे त्यांनाच जाणार. हे स्पॅम कसं?" प्रश्न रास्त होता. मग तू आठवलीस.

विश्रांतवाडी. शाळेला सुट्टी आहे म्हणून तू मला फेरीवर बरोबर घेतलं आहेस. महापालिकेच्या दवाखान्याची नर्स, पांढरी साडी, खांद्याला पिशवी. टीबीचं औषध मध्येच सोडून एक माणूस ज्या घरात बसला आहे, ते घर तुला माहीत आहे. तरी तू समोरच्या घराच्या पायरीवर बसतेस आणि पाणी मागतेस. घरातली बाई तांब्या आणते. बाळाला खोकला झाला की ती काय करते हे तू विचारतेस आणि मन लावून ऐकतेस. शेजारच्या दोघीतिघी येऊन उभ्या राहतात. मी कंटाळून तुझ्या कानाशी लागते: आजारी माणूस तर त्या घरात आहे ना, मग इथे का बसलो? तू माझ्याकडे न बघता हळूच म्हणतेस, "ते दवाखान्याला माहीत आहे. आपल्याला त्या घरातल्यांनी सांगितलेलं नाही." पुढे कधीतरी त्या माणसाची बायको आपण होऊन तुझ्याकडे आली. नवऱ्याच्या आजाराचं तिनेच काढलं, आणि पहिल्यांदाच ऐकावं तसं तू ते ऐकलंस.

नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजीकडे वेळ होता." नंतर मात्र तिनेच त्या माणसाला नको म्हणून कळवलं.

मी वारज्याच्या एका फिजिओथेरपी केंद्रात गेले आणि परवानगी घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक बाई होत्या, त्यांचे यजमान आत व्यायामाला. फोन पुढे करून मी विचारलं, यात काही चुकलं असेल तर सांगाल का? त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"भाषा छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे ज्यांनी लिहिलंय त्यांनी नव्वद किलोचा नवरा कधी हलवलेला दिसत नाही."

खरंच होतं. सासरे काडीसारखे होते. मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही कसं करता?" अंगावरची शाल काढून त्यांनी बाकावरच दाखवलं: दुहेरी चादर माणसाखाली कशी सरकवायची, दोघांनी ती कुठे धरायची, कुठल्या बाजूला ओढायची. मी ते पान नव्याने लिहिलं, केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी तपासलं. त्यानंतर मी काही केलं नाही. त्या बाईच भेटेल त्याला सांगत सुटल्या, हे वाचा, मी दुरुस्त केलंय. आता लोक येतात. प्रत्येकाची काही ना काही तक्रार असते. ती मिटली की तो आणखी कुणाला तरी घेऊन येतो. तू हेच चपला झिजवत करत होतीस. मला वाटायचं, तुला फार तहान लागते.

एक गोष्ट मी मुलीपुढे बोलत नाही. हे तुझ्यापर्यंत जायचं नाही, म्हणून लिहिते. अधूनमधून कुणीतरी कळवतं की उशीर झाला, पान सापडलं तेव्हा वडिलांच्या पाठीला जखम झालेली होती. मी उत्तर देते, डॉक्टरांना दाखवा म्हणते, आणि मग ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचून काढते. हे घर इस्पितळातल्या त्या नंबरांमध्ये होतं का, ते मला कधीच कळणार नाही. कळणार नाही याचं मला बरं वाटतं.