प्लगला लावलेलं ऊन

पंचवटी, नाशिक
शुक्रवार, १७ एप्रिल २०२६

ढुंढिराज भावजी,

अनेक आशीर्वाद. नोटिशीत तुम्ही मला 'सदनिका क्रमांक सातच्या धारक' म्हटलंत, तरी नात्यानं मी तुमची थोरली वहिनीच आहे, म्हणून आशीर्वादच लिहिते. दोन जिने उतरून बोलायला आले असते, पण हे गेल्यापासून मी समोर दिसले की तुम्ही चपला शोधायला लागता. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक. ऊन मरणाचं आहे. योगिनीनं पन्हं पाठवलं होतं. वेलची जरा जास्त झाली होती, पण तुमच्या बायकोला हे सांगू नका. माझा गुडघा कुरकुरतोय, चालायचंच.

आता नोटीस. बाल्कनीच्या कठड्याला लावलेलं सोलर पॅनेल रविवारच्या सभेआधी उतरवा, नाहीतर सोसायटी उतरवेल. का, तर म्हणे इमारतीची शोभा जाते! अहो, तुमच्या बाल्कनीत बारा महिने सोवळी आणि पंचे लोंबत असतात, तेव्हा ही शोभा कुठे जाते? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

बेकायदेशीर म्हणाल, तर वीज कंपनीच्या ऑफिसात मी स्वतः जाऊन आले. तिथले साहेब म्हणाले, "आजी, गच्चीवरच्या सोलरचे नियम आहेत. हे प्लगमध्ये खुपसायचं सोलर आमच्या कुठल्याच कागदात बसत नाही."

"मग मनाई आहे का?"

"तसंही कुठे लिहिलेलं नाही."

"मग मी काय करू?"

त्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो पिऊन मी तडक आमदारांच्या कार्यालयात गेले आणि अर्ज दिला, की राज्यानं याचा कायदा करावा. किती वॉटपर्यंत चालेल, कुठलं यंत्र घ्यायचं, सोसायटीला अडवता येईल की नाही, सगळं एकदाचं लिहून टाका म्हणावं. जर्मनीत भाडेकरूसुद्धा बाल्कनीत पॅनेलं टांगतात, आणि मी माझ्या स्वतःच्या घरात चोर! कायदा व्हायचा तेव्हा होवो. तोवर दुपारचा माझा कूलर उन्हावर चालणार.

आग लागेल ही भीतीही सोडा. रावजी इलेक्ट्रिशियननं वेगळी वायर ओढलीय, अर्थिंग तपासलंय. लाइट गेली की पॅनेलमागचा, उन्हाची वीज घरच्या प्लगमध्ये सोडणारा डबा आपोआप बंद होतो, नाहीतर तीच वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसेल. हे सगळं मला यांनीच शिकवलं होतं. आयटीआयमध्ये जन्मभर पोरांना वायरिंग शिकवलेला माणूस, बायकोला बरा सोडेल!

आणि जे नोटिशीत लिहायची तुमची हिंमत झाली नाही, तेही माझ्या कानावर आलंय. गेल्या महिन्यात यांच्या मासिकश्राद्धाला कठड्यावर ठेवलेल्या घासाला कावळा शिवला नाही. त्या काळ्या काचेला बिचकला, दादा उपाशी राहिला, असं तुम्ही घाटावर सांगत फिरताय.

कावळ्याचं बोलायचं का भावजी? मला खरंच बोलायचं नव्हतं. पण आता बोलतेच.

हे तुमच्याकडे याच पॅनेलसाठी गच्चीचा एक कोपरा मागत होते. तुम्ही अध्यक्ष, तुम्ही नाही म्हणालात. तिथे श्राद्धाला येणाऱ्या यजमानांच्या पंगती बसतात म्हणालात. त्यावरून दोघं सख्खे भाऊ एका जिन्यात राहून एकमेकांशी बोलेनासे झालात. यांनी हौसेनं आणलेलं पॅनेल खोक्यातच राहिलं आणि हे गेले.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. भिंतीवर कावळ्यांची ही रांग, पण एक खाली उतरेल तर शपथ. आल्हाद म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." नाही शिवला. मग तुम्ही पुढे झालात, हात जोडलेत आणि ओरडलात, "दादा, गच्ची दिली! तुझं पॅनेल तिथेच लागेल, मी अडवणार नाही!" तोंडातून शब्द निघायचा अवकाश, दोन कावळे झेपावले. मी मागे पायरीवर उभी होते. मला रडू फुटलं, आणि त्या क्षणी तुमच्याबद्दलचा माझा सगळा राग गेला.

तेरावा झाल्यावर मी गच्ची मागितली, तर पुन्हा तेच. पंगती बसतात! लोकांना पिंडदान सांगणारा माणूस पिंडापुढे दिलेला शब्द गिळतो, हे चारचौघांत कळू नये म्हणून मी आल्हादचंही तोंड धरलं, स्वतः गप्प बसले आणि पॅनेल माझ्या बाल्कनीत लावलं. आता तेही काढा म्हणता. लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?

शब्द मला दिला असतात, तर एव्हाना मी तो सोडला असता. दिराशी किती भांडायचं! पण तो यांना दिलात. तो सोडायचा अधिकार मला नाही.

म्हणून तुमची नोटीस मी पाळणार आहे. रविवारी सकाळी रावजी येतोय. पॅनेल बाल्कनीतून उतरवायचं आणि गच्चीवर चढवायचं. परवानगी कुणाची, असं सभेत कुणी विचारलंच, तर ती कुणी दिली, कुठे दिली आणि कुणासमोर दिली, ते मी उभी राहून सांगेन.

गच्चीची किल्ली तुमच्याकडे असते. ती योगिनीबरोबर पाठवू नका. स्वतः वर घेऊन या.

तुमच्या दादांची बायको,
कुसुम